बरोबरी झाली की वरचा जिंकला: जे-टू २०२३ मध्ये शिमिझुवर अन्याय झाला का?

नारिंगी_मफलर
मंडळी, दोन वर्षं डोक्यात बसलेला प्रश्न आज मांडतोच. मी शिझुओकात राहतो, नोकरीसाठी आलो आणि इथलाच झालो. शिमिझु एस-पल्सचा सपोर्टर आहे. शिमिझु स्टेशनवरून शटल बस पकडायची, निहोनदाइराच्या स्टेडियमला पोचायचं, हवा स्वच्छ असेल तर आधी फुजी दिसतोय का बघायचं आणि मग टीम कोणती उतरलीय ते बघायचं, असं आमचं चालतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: जे-टू ही जपानच्या प्रोफेशनल फुटबॉलची दुसरी पायरी. २०२३ ला तिथे २२ क्लब होते, प्रत्येकाच्या ४२ मॅच. पहिले दोन थेट जे-वनमध्ये, मग तिसरा ते सहावा यांच्यात प्लेऑफ आणि त्यातून आणखी एक. प्लेऑफची गोम अशी की मॅच बरोबरीत सुटली तर एक्स्ट्रा टाइम नाही, पेनल्टी शूटआऊट नाही, लीगमध्ये जो वर होता तो जिंकला.

आता आकडे बघा. माचिदा झेल्विया ८७ गुण, जुबिलो इवाता ७५, तोक्यो वेर्दी ७५, आणि आम्ही ७४. आम्ही गोल केले ७८, खाल्ले ३४, म्हणजे गोलफरक +४४, थेट चॅम्पियन माचिदाइतका. १२ नोव्हेंबरला, शेवटच्या दिवशी सकाळी आम्ही दुसऱ्या नंबरवर होतो, मितोला जाऊन जिंकलं की विषय संपला. तिथे १-१ झाली. इवाता तोचिगीत २-१ जिंकले, वेर्दी ओमियात २-० जिंकले, संध्याकाळी आम्ही चौथे.

मग २ डिसेंबरला तोक्योच्या नॅशनल स्टेडियमवर प्लेऑफ फायनल, वेर्दीशी. ५३,२६४ माणसं, अर्धं स्टेडियम हिरवं (वेर्दी) अर्धं नारिंगी (आम्ही), दुसऱ्या डिव्हिजनची मॅच आहे हे सांगून खरं वाटलं नसतं. ६३ व्या मिनिटाला तियागो सांतानाने पेनल्टीवर गोल केला. ९० मिनिटं झाली, वाया गेलेल्या वेळेच्या भरपाईची मिनिटं सुरू झाली, मुलीने माझा हात घट्ट धरलेला. ९०+६ ला वेर्दीच्या सोमेनोला आमच्या बॉक्समध्ये पाडलं, पेनल्टी, तोच मारायला आला, गोल. १-१. संपलं. वेर्दी वर.

माझ्या शेजारी सत्तरीचे एक आजोबा होते. त्यांनी गळ्यातला मफलर काढला, मांडीवर ठेवून नीट चार घड्या घातल्या, पिशवीत ठेवला आणि मला म्हणाले "माता राइनेन", पुन्हा पुढच्या वर्षी. मला काहीच बोलता आलं नाही.

तर प्रश्न असा: आम्ही ती मॅच हरलो नाही. वेर्दीपेक्षा एक गुण कमी आणि २१ गोल जास्त. हा नियम बरोबर आहे का?

हिरवी_वही
शेवटच्या ओळीशी असहमत, पण ते आजोबा वाचून पोटात कालवलं.

पेठकर_१९
आकडे छान दिलेत पण एक गोष्ट राहिली. फायनलच्या आधीच्या आठवड्यात सेमीफायनल झाली ना, शिमिझु विरुद्ध मोंतेदियो यामागाता? तिचा स्कोअर काय होता दादा?

नारिंगी_मफलर
०-०.

पेठकर_१९
आणि पुढे कोण गेलं, कोणत्या नियमाने?

सांजवारा
आईशप्पथ 😀 पेठकरांनी एका ओळीत धाग्याचा निकाल लावला

नारिंगी_मफलर
हो, त्याच नियमाने. आम्ही चौथे, यामागाता पाचवे. त्या दिवशी मी नाचलो होतो हे कबूल. मुद्दा लागला पेठकर, पूर्ण उत्तर देतो, जरा विचार करू द्या.

हिरवी_वही
आता वेर्दीची बाजू. मी तोक्योत आहे, आमचं घर चोफूच्या जवळ, त्यामुळे आजिनोमोतो स्टेडियम म्हणजे घरचं अंगण.

वेर्दी हा साधा क्लब नाही हो. १९९३ ला जे-लीग सुरू झाली, १५ मेला जुन्या नॅशनल स्टेडियमवर पहिलीच मॅच वेर्दी विरुद्ध मारिनोस, आणि पहिली दोन्ही वर्षं, ९३ आणि ९४, चॅम्पियन वेर्दी. काझू मिउरा, रुय रामोस, सगळा देश ज्यांच्यामागे वेडा होता ती टीम. मग कावासाकी सोडून २००१ ला तोक्योत आले, २००५ ला खाली गेले, २००८ ला एका वर्षासाठी वर आले आणि परत खाली. मधे तर क्लब टिकतो की बुडतो अशी वेळ आलेली. मी २०१६ पासून जातेय, एवढ्या मोठ्या स्टेडियममध्ये आम्ही मूठभर, समोरच्या स्टँडमध्ये कोणी शिंकलं तर ऐकू येईल इतकं रिकामं. बाजूला एक आजी बसायच्या, त्यांच्याकडे ९३ ची टोपी होती, हिरवा रंग उडून राखाडी झालेली. जे-वनमध्ये परतायला १६ वर्षं!

आणि ती टीम बघा. कोच जोफुकु, बहुतेक सगळी पोरं, कॅप्टन मोरिता कोकी आमच्याच अकादमीत वाढलेला. फायनलमध्ये पहिली पेनल्टी आमच्याविरुद्ध गेली ती मोरिताच्याच हाताला बॉल लागला म्हणून. ६३ व्या मिनिटापासून ९०+६ पर्यंत त्या पोराच्या मनात काय चाललं असेल याचा विचार करा. मॅच संपल्यावर तो ज्या पद्धतीने रडला ते बघून आमच्या अख्ख्या स्टँडला रडू फुटलं. सोमेनो तर काशिमाकडून उसना आणलेला २२ वर्षांचा मुलगा, त्या क्षणी बॉल हातात घेऊन तो जागेवर ठेवायला काळीज लागतं.

गोलफरकाचं म्हणाल तर वेर्दीने ४२ मॅचमध्ये फक्त ३१ गोल खाल्ले, लीगमध्ये सगळ्यात कमी. तुम्ही एकट्या इवाकीला एका मॅचमध्ये ९ घातलेत (९-१ आठवतेय ना), त्याने फरक फुगतो, गुण तीनच मिळतात.

हमामात्सूची_माई
हिरवी_वही ताई, फार सुंदर लिहिलंत. आता माझी पाळी, मी तिसऱ्या पार्टीची 🙂

यजमानांची कंपनी हमामात्सूत, आणि शेजारचं गाव इवाता. जुबिलो इवाता मुळात यामाहा मोटरची टीम, त्यामुळे पुण्याहून गाड्यांच्या कंपन्यांत आलेली मराठी घरं इथे कमी नाहीत आणि त्यातली बरीचशी निळी, म्हणजे इवाताची, आहेत. शिमिझुवाले म्हणजे आमचे सख्खे शेजारी आणि सख्खे वैरी. त्या वर्षी तर शिझुओका प्रांताच्या तीन टीम जे-टूमध्ये होत्या, इवाता, शिमिझु आणि नुकतीच जे-थ्रीतून आलेली फुजिएदा.

आमच्या २०२३ बद्दल कोणी बोलत नाही म्हणून सांगते. एका परदेशी खेळाडूच्या कराराच्या प्रकरणात फिफाने क्लबवर बंदी घातली होती, दोन ट्रान्स्फर विंडो एकही नवा खेळाडू नोंदवता येणार नाही. जे घरात आहे त्यावर स्वयंपाक करायचा! कोच योकोउची, जे कतार वर्ल्ड कपला जपानचे असिस्टंट कोच होते. त्यांनी काय केलं, अकादमीतली पोरं काढली. केइसुके गोतो नावाचा १७ वर्षांचा शाळकरी मुलगा पहिल्याच मॅचला बदली म्हणून आला आणि दोन गोल मारून गेला (मॅच हरलो तरी). तो पुढे बेल्जियमला अँडरलेख्टकडे गेला.

शेवटच्या दिवशी मी टीव्हीवर आमची तोचिगीची मॅच आणि मोबाइलवर मितोची मॅच लावली होती. तोचिगीची संपली, आम्ही जिंकलेलो, पण मितोची दोन मिनिटं बाकी. स्वतःची मॅच संपलेली आणि दुसऱ्याच्या मॅचकडे श्वास रोखून बघायचं, ती दोन मिनिटं मला अजून आठवतात. गॅसवर आमटी उतू गेली, कोणी उठलं नाही. शिमिझु जिंकलं असतं तर आम्हीच प्लेऑफमध्ये होतो.

आणि प्लेऑफची आम्हाला फार भीती. कारण २०१४.

सांजवारा
२०१४ ला काय झालं माई? अर्धवट सोडू नका

हमामात्सूची_माई
सांगते. २०१४ ची सेमीफायनल, आम्ही चौथे, यामागाता सहावे, आमच्याच मैदानावर. १-१ चालू, म्हणजे नियमाने आम्ही पुढे. भरपाईच्या मिनिटांत यामागाताला कॉर्नर मिळाला आणि त्यांचा गोलकीपर यामागिशी धावत आमच्या बॉक्समध्ये आला. बॉल आला, त्याने हेडर मारला, आणि गोल. गोलकीपरने! २-१. ते पुढे फायनल जिंकून जे-वनला गेले. मी तेव्हा इथे नवीन होते, मला वाटलं इथे असं नेहमी होतं की काय.

पेठकर_१९
माईंची गोष्ट नियमाच्या बाजूने बोलते बघा. बरोबरी पुरत नसल्यामुळे खालच्या टीमला सगळं पणाला लावावं लागतं, कीपरसकट. पेनल्टी शूटआऊट असतं तर यामागाताचा कीपर आपल्या गोलमध्येच उभा राहिला असता.

रंकाळा_किनारी
मी कोल्हापूरचा. जपानचं फुटबॉल दोन वर्षं फॉलो करतोय, सुरुवात माचिदामुळे झाली. आमच्याकडं शाहू स्टेडियमला पेठेच्या, तालमीच्या टीमा, पाटाकडील, खंडोबा, दिलबहार. टीम कुठली असं कोण विचारत नाही, घर कुठल्या पेठेत एवढंच विचारतात. त्यामुळं ह्या सपोर्टर लोकांचं मला लगेच कळालं.

पण माचिदाबद्दल कोणच बोलेना राव! चॅम्पियन ते आहेत की. २०२२ ला १५ वे होते. कोच आणला कोण, तर गो कुरोदा, आओमोरी यामादा हायस्कूलचा मास्तर, प्रोफेशनल टीमचा अनुभव शून्य. सगळे म्हणाले शाळेच्या पोरांना शिकवणं येगळं. त्यानं पहिल्याच वर्षी लीग मारली. लांब थ्रो-इन, बचाव घट्ट, स्टॉपेज आला की बॉटल घ्यायला पळायचं, बारीकसारीक सगळं ठरलेलं. आमच्या तालमीतले वस्ताद आठवले.

तिखट_मत
@रंकाळा_किनारी, माचिदाच्या मागे सायबरएजंटसारखी श्रीमंत कंपनी आहे हे पण लिहा की. मिचेल ड्यूक, एरिक असे खेळाडू जे-टूमध्ये कोणाला परवडतात? पैसा ओतला, वर गेले. आणि तो खेळ बघवत नाही. लांब थ्रो, धक्काबुक्की, वेळ काढणं.

रंकाळा_किनारी
पैसा शिमिझुकडं पण होता की भावा. वर्ल्ड कप खेळलेला कीपर गोंदा, ताकाशी इनुई, सांताना, हे सगळे जे-टूत खेळत होते. पैशानं गुण मिळत असते तर शिमिझु पहिलं आलं असतं. आणि एरिक ऑगस्टमध्ये जखमी होऊन बाहेर गेला तरी माचिदा थांबलं नाही.

आणि माचिदाचं दुःख पण ऐका. २०१२ ला जे-टूत शेवटचे येऊन खाली जेएफएलला, म्हणजे जे-लीगच्या बाहेरच्या खालच्या लीगला, गेले. २०१८ ला चौथे आले, पण स्टेडियम आणि सोयी नियमात बसत नव्हत्या म्हणून जे-वनचं लायसन नव्हतं, प्लेऑफ खेळायलाच मिळाला नाही. चौथे येऊन घरी बसले. अन्याय म्हणायचा तर त्याला म्हणा.

हिरवी_वही
माचिदाचा खेळ मलाही आवडत नाही पण जुलैत नॅशनल स्टेडियमला आमची त्यांच्याशी मॅच होती, ०-२ मागे पडून २-२ केली, ३८ हजारांच्या वर लोक. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की यंदा काहीतरी होणार. म्हणजे त्यांचे थोडे आभार मानायला हवेत.

मांडवीकाठ
नमस्कार, पणजीहून. अवांतर वाटेल पण नाही.

गोव्यात आम्ही फुटबॉलवर जगतो हे सांगायला नको. २०२४-२५ च्या आय-लीगमध्ये एप्रिलमध्ये चर्चिल ब्रदर्सला ट्रॉफी दिली, मग प्रकरण क्रीडा लवादापर्यंत गेलं आणि जुलैमध्ये इंटर काशी चॅम्पियन ठरली. कोण बरोबर कोण चूक यात मी जात नाही. पण मैदानावर संपलेला मोसम तीन महिने कागदावर चालू राहिला, सपोर्टरने आनंद करायचा की नाही तेच कळेना. त्याच्यापुढे हा शिमिझुचा प्रश्न बघा: ४२ मॅच खेळायच्या आधी, फेब्रुवारीतच प्रत्येकाला माहीत होतं की बरोबरी झाली तर वरचा जाणार. ९०+६ ला गोल झाला आणि त्याच सेकंदाला ५३ हजार लोकांना निकाल कळला. मला याचा हेवा वाटतो.

तिखट_मत
नियम आधी माहीत असला म्हणून चांगला ठरत नाही. वाईट नियम पण आधीच छापलेले असतात. ४२ मॅचमध्ये एका गुणाचा फरक, त्या एका गुणासाठी फायनलमध्ये एवढा मोठा फायदा? सरळ एक्स्ट्रा टाइम खेळवा.

पेठकर_१९
मग ४२ मॅचची किंमत काय राहिली? तिसरा आलेला आणि सहावा आलेला एकाच पायरीवर उभे? ३८ आठवडे कशासाठी पळायचं?

इतिहास बघू. प्लेऑफ २०१२ ला सुरू झाला. पहिल्या तीनपैकी दोन वेळा सहाव्या नंबरची टीम वर गेली, २०१२ ओइता आणि २०१४ यामागाता. म्हणजे नियम खालच्याला बुडवतो असं नाही. २०१५ ला फायनलमध्ये फुकुओका सेरेझोविरुद्ध ०-१ मागे, ८७ व्या मिनिटाला १-१ केली आणि तिसरे होते म्हणून वर. २०१७ ला नागोया फुकुओकाशी ०-०, तेही तिसरे होते म्हणून वर. २०२३ ला वेर्दी. नियमाने वाचवलं आणि नियमाने मारलं, दोन्ही झालंय. फुकुओकाला तर दोन वर्षांच्या अंतराने दोन्ही.

अवांतर: पुण्यात पुणे एफसीकडून अराता इझुमी खेळायचा, मूळचा जपानी, नंतर भारताचं नागरिकत्व घेऊन भारताकडूनही खेळला. बालेवाडीला त्याला बघूनच मला जपानच्या फुटबॉलची गोडी लागली.

पिवळा_डबा
चिबातून जेफ युनायटेडचा माणूस बोलतोय. मला वाटतं या धाग्यावर बोलायचा पहिला हक्क आमचा होता, मी उशिरा आलो 😀

२००९ ला खाली आलो. इथे लोक जे-टूला "नुमा" म्हणतात, दलदल. पाय टाकलात की जितकं हलाल तितके आत. २०१२ ची प्लेऑफ फायनल, आम्ही पाचवे, ओइता सहावे, ०-० चालू, म्हणजे बरोबरी आम्हाला पुरेशी. ८६ व्या मिनिटाला ओइताने गोल मारला. २०१४ ची फायनल, माईंना हरवून आलेल्या त्याच यामागाताने आम्हाला १-० हरवलं. २०२३ ला सहावे आलो, सेमीफायनलमध्ये वेर्दीने २-१ हरवलं. म्हणजे नारिंगी_मफलर, तुमच्या फायनलच्या आधीच आम्ही मफलर घडी करून बसलो होतो.

आणि मग २०२५. तिसरे आलो. सेमीफायनल, ओमियाविरुद्ध घरच्या मैदानावर ०-३ मागे. माझ्या पुढच्या रांगेतला एक माणूस उठून गेला, मी त्याला दोष देत नाही. मग १-३, २-३, ३-३. आता ३-३ वर नियमाने आम्ही पुढे जाणार होतो, पण कोणीच थांबायला तयार नव्हतं, ४-३! तो माणूस जिन्यावरून धावत परत आला, आणि आपली जागा कुठली ते विसरून माझ्या गळ्यात पडला. आठवड्याने फायनलला तोकुशिमाला १-० हरवलं. १७ वर्षं. माझा मुलगा आम्ही खाली गेलो त्या वर्षी जन्मला, त्याने चिबा जे-वनमध्ये कधी बघितलंच नव्हतं.

हमामात्सूची_माई
डोळ्यात पाणी आलं हो. आणि त्याच दिवशी दुसऱ्या सेमीफायनलला तोकुशिमा आणि आमची इवाता १-१. ते चौथे, आम्ही पाचवे. कळलं ना काय झालं ते.

सांजवारा
माई 🙏 नियमाने तुम्हालाही सोडलं नाही

रंकाळा_किनारी
२०२३ नंतर कुणाचं काय झालं ते पण लिहा कुणीतरी, नवीन वाचणाऱ्यांना कळंल.

हिरवी_वही
मी लिहिते. २०२४ ला जे-वनमध्ये माचिदा तिसरे आले, पहिल्याच वर्षी! वेर्दी सहावे. इवाता १८ वे येऊन परत खाली. शिमिझु जे-टूचे चॅम्पियन होऊन वर. वेर्दीची २०२४ ची पहिली मॅच नॅशनल स्टेडियमला, समोर मारिनोस, १९९३ च्या पहिल्या मॅचसारखीच. आणि हरलो पण त्याच १-२ स्कोअरने! शेवटी शेवटी दोन गोल खाल्ले. घरी येताना वाईट वाटत होतं आणि ट्रेनमध्ये त्या टोपीवाल्या आजी हसत होत्या, म्हणाल्या सगळं अगदी तेव्हासारखं झालं.

मांडवीकाठ
सुरुवातीच्या जे-लीगमध्ये बरोबरी नव्हतीच ना? एक्स्ट्रा टाइममध्ये पहिला गोल मारेल तो जिंकला, नाहीतर पेनल्टी, असं वाचलं होतं.

पेठकर_१९
बरोबर, त्याला व्ही-गोल म्हणायचे. आणि आता २०२६ च्या पहिल्या सहामाहीत जी खास स्पर्धा ठेवलीय (मोसम ऑगस्टपासून सुरू करायचाय म्हणून मधली), त्यात बरोबरी झाली की पेनल्टी शूटआऊट, जिंकणाऱ्याला २ गुण हरणाऱ्याला १. म्हणजे तिखट_मत, तुमचं थोडंफार ऐकलं त्यांनी.

नारिंगी_मफलर
सगळ्यांचं वाचलं, दोनदा वाचलं. आता उत्तर देतो.

काल रात्री मी २०२३ चं पूर्ण फिक्श्चर काढून बसलो. फायनल नाही, अगदी सुरुवात. पहिल्या सात मॅचमध्ये आम्ही एकही जिंकलो नव्हतो. पाच बरोबरी, दोन हार. एप्रिलमध्ये कोच झे रिकार्दोला काढलं, आकिबा आले आणि मग टीम सुटली. त्या सातपैकी एक, फक्त एक बरोबरी जिंकली असती तर ७६ गुण. दुसरे. मितोत काय झालं, सोमेनोला कोणी पाडलं, काहीच बघावं लागलं नसतं. मी दोन वर्षं ९०+६ कडे बघत होतो आणि मोसम मार्चमध्येच निसटला होता.

म्हणजे अन्याय झाला हे मी मागे घेतो. यामागाताविरुद्ध नाचलो तो नियम आणि वेर्दीविरुद्ध रडलो तो नियम एकच होता. तरी एक्स्ट्रा टाइम असावा असं मला अजून वाटतं, तिखट_मत तुमच्या बाजूने मी आहे, पण ते पुढच्यासाठी, २०२३ साठी नाही.

आणि आजोबांबद्दल. २०२४ ला आम्ही चॅम्पियन झालो तेव्हा निहोनदाइराला मी त्यांना शोधलं, वीस हजारात कुठे सापडणार. मुलगी म्हणाली बाबा, ते शेजारी बसणारे नव्हते, ते त्या एकाच दिवशी शेजारी होते.

पिवळा_डबा
तुम्ही चिबाला या एकदा मॅचला. सोगा स्टेशनवरून चालत दहा मिनिटं. आमच्याकडची जेवणाची सोय चांगली आहे, आणि आता आपण एकाच डिव्हिजनमध्ये आहोत.

नारिंगी_मफलर
नक्की येतो. तिकीट पाहुण्यांच्या स्टँडचंच काढणार मात्र.

हमामात्सूची_माई
आणि आम्ही वर आलो की डर्बीला माझ्याकडे जेवायला. नारिंगी कपडे दारात काढून ठेवायचे.